खोलीवरचा नाश्ता: दही-पोह्यांपासून पाच किलोच्या सिलिंडरपर्यंत

जून उजाडला की गावाकडच्या पोरींचे फोन सुरू होतात. विद्यापीठात नंबर लागलाय, खोली कुठं बघू, मेस कोणती लावू? खोलीचं आणि मेसचं सांगायला दहा जण तयार असतात. सकाळी काय खायचं, हे मात्र कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरातल्या पहिल्या वर्षात नाश्त्याची घडी कशी बसली, ते ओळीनं लिहून ठेवते. नव्यानं येणारीला उपयोगी पडेल.

मी जिंतूर तालुक्यातली. ऑगस्ट 2024 मध्ये एम.ए.ला प्रवेश घेतला आणि बेगमपुऱ्यात तिघींत मिळून एक खोली केली. एक औशाची, एक केजची आणि मी. भाडं सहा हजार, म्हणजे डोक्यावर दोन-दोन हजार. मेस दोन वेळची, महिन्याला अठ्ठावीसशे, रविवारी संध्याकाळी बंद. सकाळचं जेवण साडेदहानंतर. मी सातला ग्रंथालयात जागा धरायला निघायचे. म्हणजे रात्री आठला जेवलेलं, ते थेट दुसऱ्या दिवशी साडेदहाला. मधल्या वेळेत कोपऱ्यावरच्या गाड्यावर पोहे पंचवीस आणि चहा दहा. पोहे चांगले असायचे, खोटं कशाला बोलू. पण पस्तीस रुपये रोज म्हटलं तर महिन्याचे नऊशे-हजार होतात, आणि तेलकट पोह्यांवर साडेनऊलाच पुन्हा पोटात कावळे.

एक गोष्ट आधीच सांगते. "पोरीच आहात, करून खाल की!" हे वाक्य आम्हाला घरमालकीणबाईंपासून मेसवाल्या काकांपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. आमच्यातल्या कोणालाच फारसं काही येत नव्हतं. बारावीपासून "तू अभ्यास कर, इकडं यायचं नाही" असं म्हणून आईनं मला चुलीपासून लांब ठेवलेलं. चहा यायचा, खिचडी यायची, संपलं. तेव्हा मुलगी आहे म्हणून आपोआप जमेल, असं काही नसतं. मुलगा असाल तरी पुढचं सगळं तुम्हाला तसंच लागू आहे.

पहिले तीन महिने खोलीत विस्तव नव्हता. विस्तवाशिवायही बरंच होतं, हे तेव्हा कळलं. नागपंचमी ऑगस्टमध्येच होती, त्यामुळे आईनं येताना ज्वारीच्या लाह्यांचं पीठ डबाभर दिलं होतं. ताकात कालवायचं, मीठ, जिरेपूड, वरून शेंगदाण्याची चटणी. गोड हवं तर दूध आणि गूळ. पीठ एकदम टाकलं तर गोळे होतात, थोडं-थोडं टाकत हलवायचं. वाटीभर पीठ दुपारपर्यंत टिकतं.

त्याच्या जोडीला दही-पोहे. जाड पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटं ठेवायचे, मग दही, मीठ, बारीक चिरलेली काकडी. डेअरीतून दहाचं दही आणलं की एकीचं भागतं. घरून आलेल्या दशम्या तीन दिवस चालतात, कारण त्या दुधात भिजवलेल्या असतात. धपाटे दोन दिवस. पावसाळ्यात तेवढेही धरू नका, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वास घेऊन बघा. बाकी फुटाणे, शेंगदाणे, गूळ हे डब्यात कायम असलेलं बरं. परीक्षेच्या सकाळी दुसरं काही सुचत नाही.

हे सामान गावाहून आणायचा मार्ग म्हणजे लालपरी. जिंतूरहून मंठा, जालना करत गाडी मध्यवर्ती बसस्थानकावर येते. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे महिन्याकाठी एक फेरी परवडते. पिशवी मात्र मांडीवर घ्यायची. वर कॅरिअरला ठेवलेल्या दशम्यांवर कोणीतरी सिमेंटचं पोतं टेकवतंच.

दिवाळीला गेलो आणि परत आल्यावर थंडी सुरू झाली. थंडीत सकाळी सहाला गार ताकात पीठ कालवून खायचं म्हणजे शिक्षाच. गरम काहीतरी पाहिजे, यावर तिघींचं एकमत झालं. आता प्रश्न शेगडीचा.

पहिला विचार इंडक्शनचा होता. घरमालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लाइटवरचं काही चालणार नाही बाई. मागं एकीनं कॉइलची शेगडी लावली अन् सगळ्या वाड्याचा फ्यूज उडवला. गॅस आणायचा तर आणा, पण दार-खिडकी उघडी ठेवून." त्यांचंही बरोबर होतं. वायरिंग जुनं, आणि खोल्यांना सब-मीटर. इंडक्शनला साधारण दोन हजार वॅट लागतात, एवढा भार त्या प्लगानं झेलला नसता. तुमच्याकडे सोळा अँपिअरचा प्लग असेल आणि मालक हो म्हणत असतील तर इंडक्शनच घ्या, कटकट कमी. एक नक्की करा: काहीही विकत घेण्याआधी मालकांना विचारा. आमच्या शेजारच्या खोलीत नवीकोरी शेगडी खोक्यासकट पडून होती.

गॅसचं मला वाटायचं की रेशनकार्ड, पत्त्याचा पुरावा, भाडेकरार हे सगळं लागेल. ते घरगुती 14.2 किलोच्या जोडणीला लागतं. विद्यार्थी आणि कामानिमित्त बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, फक्त ओळखपत्र. इंडेननं त्याला 'छोटू' असं नाव दिलंय, बाकीच्या कंपन्यांचेही तसे असतात. गॅस एजन्सीत मिळतो, काही पेट्रोल पंपांवरही मिळतो. ही गोष्ट मला केजच्या मैत्रिणीच्या भावानं सांगितली, तोवर मी दोन नातेवाइकांना रेशनकार्डाची झेरॉक्स मागून बसले होते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एजन्सीत गेले. काउंटरवरचे म्हणाले, छोटा शिल्लक नाही, सोमवारी या. सोमवारी गेले तर बुधवारी या. बुधवारी गाडी आली होती, पण "मोठाच घ्या ना, छोटा परवडत नाही" असा आग्रह सुरू झाला. परवडत नाही हे खरंच आहे. छोट्या सिलिंडरला घरगुती दर लागत नाही, त्यामुळे किलोमागं गॅस बराच महाग पडतो. पण मोठ्याला लागणारे कागद माझ्याकडे नव्हते आणि तिसऱ्या मजल्यावर तो चढवणार कोण? शांतपणे तिथंच बसून राहिले. शेवटी आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, एका छोट्या फॉर्मवर सही, मोबाइल नंबर, आणि पावती.

सिलिंडर आणि त्यातला गॅस मिळून दीड हजाराच्या आतबाहेर गेले. त्याला बसणारा रेग्युलेटर आणि पाइप चारशे. एका बर्नरची शेगडी मोंढ्याजवळच्या भांड्याच्या दुकानातून नऊशेला. तिघींत वाटून हजाराच्या थोडं खाली आलं. कढई, तवा, पातेलं घरून आणलं.

सिलिंडर ताब्यात घेताना काय बघायचं, ते कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. वरच्या कड्याला आतून एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात, जसं बी-27. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडा वर्षाचा. ती त्या सिलिंडरच्या चाचणीची मुदत. ती उलटून गेलेली असेल तर बदलून मागायचा. सील बघायचं आणि काट्यावर वजन करून घ्यायचं. रिकाम्या टाकीचं वजन कड्यावरच लिहिलेलं असतं, त्यात पाच मिळवायचे. मी वजन करा म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या काकांनीही स्वतःचा करून घेतला.

घरी जोडल्यावर साबणाचं पाणी सांध्यांवर लावलं. बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून कधीही बघायचं नाही. सिलिंडर उभाच ठेवायचा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. त्यामुळे दाराखालची फट आम्ही थंडीतही कापडानं बुजवली नाही. आणि गल्लीबोळात मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत गॅस भरून देणारी दुकानं दिसतील, शे-दीडशे वाचतीलही. तिकडं जाऊ नका. ते बेकायदा तर आहेच, पण खोलीत तिघी झोपतो आपण.

आता करायचं काय? आईला फोन लावला. पहिल्या दिवशी भिजवलेल्या मुरमुऱ्यांची सुशीला करायची ठरली. परभणी-नांदेडकडं सुशीला माहीत नाही असं घर नसेल. औशाचीला माहीत होती. पुण्याहून आलेल्या एका वर्गमैत्रिणीला मात्र मुरमुरे भिजवून खातात याचाच धक्का बसला.

मुरमुऱ्याचा मोठा पुडा चाळीसला मिळतो आणि त्यात तिघींचे तीन नाश्ते होतात. आधी फोडणीची सगळी तयारी करून घ्यायची: कांदा, मिरची, कढीपत्ता, शेंगदाणे. मुरमुरे सगळ्यात शेवटी भिजवायचे, कारण त्यांना मिनिटभरसुद्धा जास्त होतं. पातेल्यात पाणी, त्यात मुरमुरे टाकले की हातानं एकदा खाली दाबायचे, लगेच मूठ-मूठ उचलून हलकेच पिळायचे. पिळलेला मुरमुरा बोटांत दबला पाहिजे, पण मध्ये जरासा कण लागला पाहिजे. पूर्ण मऊ झाला की कढईत लगदा. पिळून झाल्यावर त्यावर डाळव्याचं कूट पसरायचं. हे कूट उरलेलं पाणी पिऊन घेतं आणि मुरमुरे एकमेकांना चिकटत नाहीत. मग मोहरी-जिऱ्याची फोडणी, शेंगदाणे चांगले लाल होऊ द्यायचे, मिरची, कांदा, हळद. मुरमुरे टाकून खालून वर हलवायचे, झाकण ठेवून एक वाफ. मुरमुऱ्यांना मुळात मीठ असतं, त्यामुळे मीठ हात राखून. लिंबू, कोथिंबीर. कांदा चिरण्यापासून ताटलीपर्यंत पंधरा मिनिटं.

मी आईला माप विचारत होते. किती वाट्या, किती चमचे. ती म्हणाली, "मापानं कशाला करायलीस? कढईत बघ की, कोरडं दिसायलंय का ओलं?" तेव्हा राग आला. पण आठवडाभरात खरंच बघून कळायला लागलं. तरी नव्या माणसानं पहिल्यांदा मापानंच करावं असं माझं मत आहे. आयांना आठवत नाही की त्याही कधी नव्या होत्या.

धपाट्यांना डिसेंबर उजाडला. त्यासाठी पीठ लागतं आणि पिठाचा वेगळाच धडा आहे. घरून मालदांडी ज्वारीचं पीठ पाच किलो आणलं होतं. तिसऱ्या आठवड्यापासून भाकरी थापताना कडा चिरायला लागल्या. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली होती. ज्वारीचं पीठ ठेवून-ठेवून वापरायचं नसतं. तेव्हापासून ज्वारी धान्य म्हणूनच आणतो आणि जवळच्या गिरणीतून दोन-दोन किलो दळतो. गिरणीवाले एवढं कमी दळायला कुरकुरतात. गहू दळून झाल्या-झाल्या जाऊ नका, तुमच्या ज्वारीत गहू येतो. सकाळी लवकर गेलं की काम होतं.

धपाट्याला दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, मूठभर कणीक. लसूण, हिरवी मिरची, जिरं यांचा ठेचा, ओवा, तीळ, हळद, मीठ. आमच्याकडे मिक्सर नाही, ठेचा वाटीच्या बुडानं ताटलीत रगडतो. पीठ दह्यात भिजवलं तर धपाटे संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. थापायला धोतराचं जुनं फडकं घेतलं, स्वच्छ धुऊन. फडकं ओलं करून घट्ट पिळायचं, त्यावर गोळा ठेवून पाण्याच्या हातानं मधून कडेला थापत न्यायचं, बोटानं एक भोक पाडायचं. फडक्यासकट उचलून तव्यावर उलटं टाकायचं आणि एका कडेनं फडकं सोडवायचं. ओढायचं नाही. तवा पुरेसा तापलेला असला की धपाटं खालून धरतं आणि फडकं आपसूक सुटतं. भोकात दोन थेंब तेल. रविवारी सकाळी एवढे करायचे की संध्याकाळच्या बंद मेसचाही प्रश्न मिटतो.

रोजच्या धावपळीत मात्र सगळ्यात उपयोगी काय पडलं, तर शिळी भाकरी. मेसमधून रात्री एखादी जास्तीची भाकरी मागून आणायची आणि सकाळी कुस्करून कांद्या-लसणाची फोडणी. सात मिनिटं. ह्याच्यावर मी आख्खी पहिली सत्र परीक्षा दिली.

आता पाणी. ह्या शहरात नवीन येणाऱ्याला सगळ्यात जास्त दमवतं ते हे. जायकवाडीसारखं धरण उशाला असून आमच्या भागात नळ आठवड्यातून एकदा यायचा, कधी दहाव्या दिवशी. त्यामुळे पदार्थ ठरवताना भांडी किती पडतील, हे आधी बघावं लागतं. सुशीला एक कढई, एक पातेलं. धपाटे एक परात, एक तवा. इडलीचं नावही काढलं नाही. मुरमुरे, पोहे भिजवलेलं पाणी बादलीत साठवून त्यानं भांड्यांचं पहिलं पाणी काढतो. प्यायला वीस लिटरचा जार. मटकी भिजत घालायची ती नळ यायच्या आदल्या रात्री.

30 डिसेंबरला वेळ अमावस्या होती. औशाची चार दिवस आधीपासून गावी गेलेली. लातूर-धाराशिवकडे ह्या दिवसाला येळवस म्हणतात आणि गावंच्या गावं शेतात असतात. ती दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली ती स्टीलचे दोन डबे घेऊन. एकात भज्जी, दुसऱ्यात बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे. भज्जी म्हणजे भजी समजू नका. ओला हरभरा, तुरीचे आणि वाटाण्याचे दाणे, पालेभाजी, चिंच, बेसन हे सगळं एकत्र शिजवलेलं दाट कालवण असतं. आंबीलही आणली होती, पण जालन्याच्या पुढं बाटलीचं झाकण उडालं आणि ती पिशवीलाच मिळाली. भज्जी मंद आचेवर गरम केली, खालून लागू नये म्हणून सतत हलवत. वर्षाच्या पहिल्या सकाळी आमच्याकडं उंडे-भज्जी होती. केजची म्हणाली, आमच्याकडं हे नसतं, आणि सगळ्यात जास्त तिनंच खाल्लं.

पैशांचं थोडं. केजच्या मैत्रिणीला समाजकल्याणची स्वाधार योजना मंजूर झाली होती. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत लागतं. आपल्या शहराला वर्षाचे 51 हजार बसतात: भोजनाचे 28, निवासाचे 15, निर्वाहाचे 8 हजार. तिच्याबरोबर मी अर्जाच्या रांगेत उभी राहिले आहे. भाडेकरार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, हजेरीचं प्रमाणपत्र, आणि आधारला जोडलेलं बँक खातं. खातं आधारला जोडलेलं नसेल तर सगळं तिथंच अडतं, ते आधी करून घ्या. पैसे हप्त्यानं येतात आणि हप्ता कधी येईल ते धरून चालू नका. तिचं निम्मं वर्ष आम्ही उधारीवर काढलं, हिशेब वहीत लिहून. ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुलेंच्या नावाची आधार योजना आहे, तिचीही चौकशी करा.

अगदीच कडकी असेल तेव्हा दुपारी शिवभोजन केंद्र. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. केंद्रं दुपारीच चालू असतात आणि ताटं ठरलेली असतात, एकनंतर गेलात तर संपलेलं ऐकायला मिळेल. रमजान मार्चमध्ये होता, तेव्हा एका संध्याकाळी वर्गातल्या मैत्रिणीनं शहागंजकडं नेऊन नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खाऊ घातलं. औशाची माळकरी, ती फक्त नान आणि गुलमंडीची इम्रती खाऊन खूश होती.

सगळं धरून नाश्त्याचा खर्च माणशी महिन्याला सहाशेच्या आसपास आला, गॅससकट. पाच किलोचा सिलिंडर फक्त सकाळच्या स्वयंपाकाला सव्वा ते दीड महिना पुरतो. संपायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची सवय लावा, कारण तो नेमका पेपरच्या सकाळी संपतो.

एप्रिलपासून पत्र्याखालच्या खोलीत सकाळी आठलाच घामाच्या धारा. शेगडी पेटवायचं नाव नको. मग पुन्हा लाह्यांचं पीठ, ताक, काकडी. दही रात्री लावलं तर सकाळी आंबट ढाण होतं, म्हणून विरजण अगदी बोटभर आणि लावायचं पहाटे चारला उठणाऱ्यानं. आमच्यात ती केजची. ज्वारीची आंबीलही तेव्हाच शिकले: रात्री ताकात पीठ कालवून ठेवायचं, सकाळी पाच मिनिटं शिजवायचं, लसूण-जिरं ठेचून टाकायचं, आणि गार करून तांब्यानं प्यायची.

मेच्या शेवटी पेपर संपले आणि खोली महिनाभर बंद ठेवायची होती. रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावली आणि मालकीणबाईंच्या परवानगीनं गच्चीच्या जिन्याखाली, सावलीत उभा ठेवला. धान्याच्या डब्यांत कडुलिंबाचा पाला घातला, शेंगदाणे मात्र गावी नेले, त्यांना खवट वास लवकर येतो. औशाचीचं शिक्षण संपलंय, तिचा शेगडीतला हिस्सा तीनशेला मी घेतला, आणि तिच्या जागी येणाऱ्या मुलीला आधीच सांगून ठेवलंय की फडकं आणि तवा आहे, परात तिनं आणायची. सिलिंडरची पावती माझ्याकडे, आधारच्या झेरॉक्सबरोबर. ती सांभाळून ठेवा, सिलिंडर परत द्यायची वेळ आली की तीच लागते.